झिपऱ्या विरुद्ध पीटी सर

लांब केसांचा मुलगा शाळेच्या टीममध्ये नको, असं म्हणणारे सर तेव्हाही होते, आजही आहेत. पण केस कापले की खेळ सुधारतो का? एका कापलेल्या बटेची, एका न खेळलेल्या मॅचची आणि एका हट्टी भाच्याची गोष्ट.

मंगळवार दुपार. क्लायंट कॉल ऐन रंगात आलेला आणि टेबलावर मोबाइल थरथरला. बघतो तर भाचा! नववीतलं हे कार्टं कधी फोन करत नाही, मेसेजवर दोन अक्षरं टाकली की मामावर उपकार झाले. म्हटलं काहीतरी झालंय. कॉल म्यूट करून बाहेर आलो.

"मामा, शनिवारपर्यंत केस कापले नाहीत तर सर फुटबॉल टीममधून काढणार आहेत. आई म्हणते, काप. तू काय म्हणतोस?"

मी काहीच म्हटलं नाही. "संध्याकाळी घरी येतो," एवढंच सांगितलं आणि पॅन्ट्रीत जाऊन चहाचा कप हातात घेऊन उभा राहिलो. चहा गार झाला. कारण मला माझी नववी आठवली होती.

फ्लॅशबॅक, २००६

त्या वर्षी फेब्रुवारीत भारताने लाहोरची वनडे जिंकली आणि बक्षीस समारंभात खुद्द परवेझ मुशर्रफ यांनी धोनीला जाहीर सल्ला दिला, की हे केस छान दिसतात, कापू नकोस. झालं! आमच्या गावातल्या यच्चयावत पोरांनी सलूनकडे पाठ फिरवली. 'तेरे नाम'ची मधोमध भांगवाली लाट ओसरून दोन-तीन वर्षं झाली होती, आता धोनीची लाट आली. माझे केस ऑगस्टपर्यंत मानेवर रुळायला लागले. आरशात मी स्वतःला धोनी वाटायचो. आजीला मी 'झिपऱ्या' वाटायचो.

पण मी क्रिकेटवाला नव्हतो. मी कबड्डीवाला. शाळेच्या टीमचा पहिला चढाईपटू. बोनस काढून मध्यरेषेवर परत यायचं आणि मांडीवर थाप मारायची, यात जे सुख होतं ते पुढे कुठल्याही अप्रेझलमध्ये मिळालं नाही.

तालुक्याच्या मॅचच्या आदल्या दिवशी पीटीच्या सरांनी प्रॅक्टिस थांबवली. "शाळेचं नाव घेऊन जायचंय. हा अवतार चालणार नाही." त्यांनी मागून माझी मान धरली, खिशातून कात्री काढली आणि डोक्यामागची एक जाड बट कापून माझ्या हातात दिली. "आता न्हाव्याकडे जावंच लागेल." सगळं मैदान हसलं. मैदानाच्या पलीकडे मुलींची टीम प्रॅक्टिस करत होती. त्यासुद्धा हसल्या. नववीतल्या मुलासाठी यापुढे काही उरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

घरी येऊन मुंडण केल्यासारखे केस कापून घेतले. दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून झोपून राहिलो. टीम माझ्याशिवाय गेली आणि जिंकून आली. तो घाव जास्त लागला. पुन्हा त्या मैदानावर मी उतरलोच नाही. केस दिवाळीपर्यंत परत आले. कबड्डी काही परत आली नाही.

पहिलं कारण : धोका

हे सगळं भाच्याला सांगायचं तर आधी थोडा गृहपाठ करावा म्हटलं. सर लोक केसांविरुद्ध तीन कारणं देतात. पहिलं, केस डोळ्यात जातात, कुणी ओढतं, दुखापत होते.

यात तथ्य आहे बरं का. आपल्या नीरज चोप्राचेही केस एकेकाळी मस्त लांब होते. घामाने ते त्रास द्यायला लागले म्हणून त्याने टोकियो ऑलिंपिकआधी कापले आणि ७ ऑगस्ट २०२१ ला ८७.५८ मीटर भाला फेकून सोनं आणलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये तर हेल्मेटबाहेर लोंबणारे केस धरून खेळाडूला पाडणं चालतं. ट्रॉय पोलामालू नावाच्या खेळाडूला २००६ मध्ये असंच केसांनी धरून पाडलं होतं. तरी त्याने केस कापले नाहीत. उलट २०१० मध्ये एका शाम्पू कंपनीने त्याच्या केसांचा १० लाख डॉलरचा विमा उतरवला!

पण माझ्या कबड्डीचं काय? मोठेपणी नियम वाचले तेव्हा कपाळावर हात मारला. चढाईपटूला पकडताना फक्त हात, पाय किंवा धड धरायचं, असा नियम आहे. म्हणजे केस ओढले तर फाऊल ओढणाऱ्याचा. नखं कापलेली हवीत, अंगाला तेल नको, हेही नियमात आहे. तेव्हा कात्रीच चालवायची तर सरांनी माझी नखं बघायला हवी होती.

आणि धोकाच असेल तर तो मुलींना नाही का? पलीकडे खेळणाऱ्या त्या सगळ्यांच्या कमरेपर्यंत वेण्या होत्या. त्यांना सर काय सांगायचे? "घट्ट बांधा गं." बस्स!

नेमका हाच मुद्दा अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला. इंडियाना राज्यातल्या ग्रीन्सबर्ग इथल्या एका शाळेत मुलांच्या बास्केटबॉल टीमला नियम होता, की केस कान, भुवया आणि कॉलरच्या वर हवेत. मुलींच्या बास्केटबॉल टीमला असा नियम नव्हता. एका मुलाच्या आईवडिलांनी दावा लावला. फेब्रुवारी २०१४ मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी निकाल दिला, की फक्त मुलांना लावलेला हा नियम भेदभाव आहे. माझ्या शाळेतल्या मैदानावर मला जे सुचलं नाही, ते तीन न्यायाधीशांपुढे कुणीतरी मांडलं, याचंच मला बरं वाटलं.

दुसरं कारण : शिस्त

१९९८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपआधी अर्जेंटिनाचे कोच डॅनियल पासारेला यांनी फर्मान काढलं, लांब केस बंद. बातिस्तुताने केस कापले आणि वर्ल्ड कपमध्ये पाच गोल मारले. फर्नांडो रेडोंडो म्हणाला, जमणार नाही. तो वर्ल्ड कप खेळलाच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मात्र त्याने रेआल माद्रिदकडून चॅम्पियन्स लीग जिंकली होती, त्याच केसांसकट. अर्जेंटिना क्वार्टर फायनलमध्ये बाहेर गेली. रेडोंडो असता तर जिंकलीच असती असं मी म्हणत नाही. पण मिडफिल्डमधला एवढा मोठा माणूस न्हाव्यापायी घरी बसवणं, याला शिस्त म्हणायचं का?

शिस्तीचा बालेकिल्ला म्हणजे जपान. तिथली शालेय बेसबॉल स्पर्धा, कोशिएन, म्हणजे आख्ख्या देशाचा उन्हाळी सण. आणि शालेय बेसबॉलपटू म्हटलं की डोक्याचा चकोट, हे समीकरण पिढ्यान् पिढ्या पक्कं. २०१८ च्या एका पाहणीत ७६.८ टक्के शाळांनी आमच्याकडे चकोट असतो असं सांगितलं होतं. २०२३ मध्ये हा आकडा २६.४ टक्क्यांवर आला. त्याच ऑगस्टमध्ये फायनलला केइओ हायस्कूलने आदल्या वर्षीच्या विजेत्या सेंदाई इकुएईला ८-२ ने हरवलं. केइओची पोरं केस राखून खेळत होती आणि त्यांचं ब्रीद होतं, 'एन्जॉय बेसबॉल'. शाळेला हा कप १०७ वर्षांनी मिळाला! केसांमुळे मिळाला असं नाही. पण केस असूनही शिस्त राहते, हे सगळ्या जपानने टीव्हीवर पाहिलं.

तिसरं कारण : शाळेचं नाव

म्हणजे 'लोक काय म्हणतील'. हे फक्त शाळेत नसतं. न्यूयॉर्क यांकीज हा अमेरिकेतला सगळ्यात नावाजलेला बेसबॉल क्लब. १९९१ मध्ये डॉन मॅटिंगली या त्यांच्या कॅप्टनने केस कापायला नकार दिला म्हणून त्याला बाकावर बसवलं. दाढीबंदी तर तिथे पार फेब्रुवारी २०२५ पर्यंत टिकली.

पण या 'नावा'ची किंमत कोण मोजतं? डिसेंबर २०१८ मध्ये न्यू जर्सीत शालेय कुस्तीच्या सामन्याआधी रेफरीने एका १६ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला सांगितलं, तुझे केस आणि त्यावरचं कव्हर नियमात बसत नाही. कापतोस की सामना सोडतोस? सगळ्यांसमोर, मॅटच्या कडेला, त्याच्या जटा कात्रीने कापल्या गेल्या. मुलगा कुस्ती जिंकला. त्याचा व्हिडिओ मी एकदाच पाहिला. जिंकल्यावर हात वर केलेला त्याचा चेहरा जिंकलेल्या मुलाचा नव्हता. पुढे त्या रेफरीला दोन वर्षं बंदी झाली आणि अमेरिकेतल्या शालेय कुस्तीच्या नियमांतून २०२१-२२ पासून केसांच्या लांबीची अट निघून गेली.

आपल्या देशात तर लांब केसांचा धावपटू हा अभिमानाचा विषय आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खासिंग डोक्यावर बुचडा बांधूनच ४०० मीटर धावले आणि चौथे आले. तो बुचडा काप, असं त्यांना कोण म्हणणार होतं? ती श्रद्धेची गोष्ट आहे, मान्य. भाच्याचे केस श्रद्धेचे नाहीत, स्टाइलचे आहेत. पण केस बांधून धावता येतं, एवढं तरी त्यावरून सिद्ध होतंच ना?

शुक्रवार, शाळा सुटल्यावर

ताईचं म्हणणं सरळ होतं. "अरे, केसच तर आहेत! वाढतील परत." मी म्हटलं, "ताई, केस वाढतात गं." पुढचं बोललो नाही. तिला माझी २००६ ची पोटदुखी माहीत होती. ती गप्प बसली आणि म्हणाली, "मग तूच जा त्याच्याबरोबर. भांडू मात्र नकोस."

मी मनात खाकी पँट, मिशा आणि शिट्टी अशी तयारी करून गेलो होतो. समोर आले ते सर माझ्यापेक्षा लहान, ट्रॅकपँटमधले. त्यांनी मला प्यायला पाणी दिलं. म्हणाले, "सर, मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही. पोरगा विंगवर सुसाट पळतो. पण याला सोडलं की उद्या पन्नास जण येतील. आणि वरून विचारणा मला होते."

खरं सांगू? मला त्यांच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. आपण सगळेच कुणाच्या तरी वरच्या विचारणेला घाबरून नियम राबवतो. डेस्कवर आयकार्ड गळ्यात नसलं तर इंटर्नला ओरडणारा मीच नाही का?

"मुलींची फुटबॉल टीम आहे ना?" मी विचारलं.

"आहे की. जोरात आहे."

"त्यांना केसांचा नियम काय?"

"घट्ट बांधायचे, धातूची क्लिप नको."

"मग तोच नियम याला लावा. पन्नास जण आले तर पन्नास जणांना लावा."

सर थोडा वेळ मैदानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लेखी द्या. मॅडमना दाखवतो. उद्याची प्रॅक्टिस मॅच खेळू दे तोवर."

तेवढ्यात भाच्याने मधेच तोंड घातलं. "सर, डोळ्यात केस आले तर मी स्वतःच बाहेर येईन." हे त्याला मी शिकवलं नव्हतं.

तुमच्या घरी असा कुणी असेल, किंवा तुम्हीच रविवारी टर्फवर केस उडवत पळत असाल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. केस कापडी रबराने मागे घट्ट बांधा, धातूची पिन नको. पुढच्या बटांना हेडबँड हवाच. घामट केस तसेच ठेवून झोपू नका, धुऊन वाळवा. आणि हेडबँड, टॉवेल दुसऱ्याला वापरायला देऊ नका, भले तो जिगरी दोस्त असो.

शनिवार आणि रविवार

शनिवारी तो ताईचं काळं रबर लावून खेळला. टीम हरली. एक पास त्याने वाया घालवला, एक गोल त्याच्यामुळे झाला. केसांचा दोन्हींशी संबंध नव्हता. मॅडमचं उत्तर हा लेख लिहीपर्यंत यायचं आहे. परतताना गाडीत एसी लावून तो म्हणाला, "मामा, दिवाळीत कापणार आहे. जाम गरम होतं."

"मग एवढा तमाशा कशाला?"

"मी कापणार आहे ना. ते वेगळं."

रविवारी सकाळी दूध आणायला निघालो. सोसायटीमागच्या मैदानात पोरं कबड्डी खेळत होती. गेली दोन वर्षं मी त्यांच्याकडे न बघता पुढे जातो. या वेळी थांबलो. एकाने हाक मारली, "काका, येता का? एक भिडू कमी आहे."

काका! कपाळावरून मागे हटत चाललेल्या केसांवर हात फिरवला, दुधाची पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि उतरलो. पहिल्याच चढाईत पकडलं. पायाला धरून. अगदी नियमाप्रमाणे.