दिवाळीला वेल, शिवरात्रीला रताळं

लक्ष्मीपूजनापासून महाशिवरात्रीपर्यंत साधारण ११७ दिवस असतात. रताळ्याच्या बहुतेक जाती १०० ते १२० दिवसांत काढणीला येतात. म्हणजे दिवाळीतच परसात वेल लावला, तर शिवरात्रीच्या उपवासाला घरची रताळी मिळतात. बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात, मराठी घरातलं रताळं असो की शेजारच्या कन्नड घरातला गेणसू, उपवासाच्या ताटात त्याला मान आहेच. पीक मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेलं. पण आता ते पुरतं आपलं झालं आहे.

लावण्याआधी पायाखालची माती पाहा. बिदर-हुमनाबादच्या पठारावर जांभ्याची तांबडी, मुरमाड जमीन आहे. तिच्यात पाणी मुरतं, मुळं सहज पोसतात. फक्त कुजलेलं शेणखत भरपूर घालावं लागतं. भालकी, औराद, आळंदकडे आणि कलबुर्गीच्या बाजूला काळी जमीन. ती ओली असताना चिकटते, वाळली की भेगाळते. रताळं म्हणजे फुगलेलं मूळ. घट्ट मातीत ते वेडंवाकडं होतं आणि पाणी साचलं तर सडतं. म्हणून काळ्या मातीत शेणखत आणि वाळू किंवा बारीक मुरूम मिसळून वीतभरापेक्षा उंच वरंबा करावा. दोन वरंब्यांत दोन फूट अंतर ठेवावं.

रताळ्याला बटाट्यासारखे डोळे नसतात. लागवड वेलाच्या तुकड्यांनी होते. पावसाळी रताळी याच दिवसांत निघतात आणि वेल बांधावर पडतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून तेच मागून आणा. बेणं शेंड्याकडचं घ्यावं, कारण सोंड्या भुंग्याची अंडी बुडख्याकडच्या जुन्या वेलात असण्याची भीती जास्त. वीतभर लांबीचे, चार-पाच पेरांचे तुकडे करून मधली पेरं मातीत दाबावीत आणि दोन्ही टोकं उघडी ठेवावीत. दोन तुकड्यांत वीतभर अंतर. दहा फुटांच्या एका वरंब्याला बारा ते पंधरा तुकडे पुरतात. थंडी वाढली की वाढ मंदावते, म्हणून लावणी तुळशीच्या लग्नाच्या पुढे ढकलू नये.

पहिले दहा दिवस एक दिवसाआड पाणी द्या, नंतर आठवड्यातून एकदा. महिन्याने तण काढून मातीची भर द्यावी. येळवशीच्या अमावास्येला, म्हणजे वेल दोन महिन्यांचा होईल तेव्हा, पसरलेल्या फांद्या हलकेच उचलून पुन्हा जागेवर ठेवाव्यात. पेरापेरांतून मुळं रुजली, तर अन्न तिकडे वाटलं जातं आणि मुख्य गड्डे बारीक राहतात. युरियाचा मोह टाळावा. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि खाली काही भरत नाही.

संक्रांतीनंतर खरी राखण भेगांची. सोंड्या भुंग्याला माती उकरता येत नाही. तो भेगांतूनच गड्ड्यापर्यंत पोचतो. त्याच्या अळीने पोखरलेलं रताळं कडू होतं, जनावरालाही घालू नये. काळ्या मातीत म्हणूनच ओल टिकवावी आणि वरंब्याची भर मोडू देऊ नये.

पानं पिवळी पडू लागली की एक रताळं काढून कापावं. कापलेला भाग वाळल्यावर पांढरट राहिला तर पीक तयार. हिरवट-काळा पडला तर आठवडाभर थांबावं. काढलेली रताळी धुऊ नयेत. पाच-सहा दिवस उबदार सावलीत पसरली की खरचटलेली साल भरून येते आणि गोडी वाढते. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नयेत; गारठ्याने आतून कडक होतात.

बेणं निवडायला मिळालं, तर तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेची ‘भू सोना’ जरूर लावा. तिच्या नारिंगी गरात १०० ग्रॅमला सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतं. आफ्रिकेत नारिंगी रताळी घरोघरी पोचवणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो याच गुणासाठी. वाढत्या वयाच्या मुलांना गेणसाची होळिगे, म्हणजे रताळ्याची गोड पोळी, करून घाला. उपवासाची वाट पाहू नका.

काढणीनंतर शेंडे टाकू नयेत. न्हाणीच्या पाण्यावर, सावलीच्या कोपऱ्यात चार वेल उन्हाळाभर जगवले, की मृगाच्या लागवडीला बेणं घरचंच, आणि शेजाऱ्यालाही देता येतं.