माळवदाचे ओझे

आमच्या उत्तर कसब्यातील घरावर माळवद होते. पाच खणांचे, आजोबांच्या वेळचे. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडी फळ्या आणि सगळ्यांत वर पांढरी माती. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण आमचे माजघर भर दुपारी गार असे. सान्यातून उन्हाचा कवडसा यायचा आणि त्याच्या शेजारीच आई वामकुक्षी घ्यायची.

दरवर्षी मृगाआधी वडील पांढरी माती आणवून वर पसरवीत. गळती थांबे. जुनी माती मात्र कुणी काढीत नसे. हा साधा हिशेब आमच्या ध्यानात कधी आलाच नाही.

गेल्या पावसाळ्यात आईच्या अंथरुणावर पाणी ठिबकले आणि छप्पर बदलायचे ठरले. पहिल्या ठेकेदाराने ओट्यावरून मान वर केली, आकडा सांगितला आणि इसार घेतला. नंतर तो फिरकलाच नाही. मी कागदावर एक ओळही लिहून घेतली नव्हती, मग तक्रार कुणाकडे करणार?

दुसरे आले ते एक वयस्क मिस्त्री. "मालक, खालून बघून छप्पर कळत न्हाई. शिडी आणा," म्हणाले. वर जाऊन त्यांनी मातीत सळई खुपसली. थर दीड फुटाचा निघाला! एक घनफूट माती म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो. आमचे माजघर दहा बाय दहाचे. म्हणजे आई ज्याखाली निजत होती, ते ओझे सहा टनांहून अधिक. भिंतीत गेलेले तुळईचे टोक त्यांनी उकरून दाखवले. वाळवीने ते पोखरले होते.

माझ्या अंगावर काटा आला. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूरही हादरले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची माती झोपलेल्यांवर कोसळली. तरी जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथे भिंती पडूनही तो बऱ्याच ठिकाणी उभा राहिला. दोष लाकडाचा नव्हता. वर्षानुवर्षे चढवलेल्या ओझ्याचा आणि मातीत रचलेल्या भिंतींचा होता.

मग स्लॅब टाकावा का? पाच इंची स्लॅबचेही चौरस फुटाला अठ्ठावीस किलोच्या आसपास वजन होते. इंजिनिअरांनी सांगितले, की या भिंतींवर तो नको, त्याला स्वतःचे कॉलम हवेत. पत्रा हलका, चौरस फुटाला अर्ध्या किलोच्या आतबाहेर. पण आई म्हणाली, "या वयात मला भाजून काढणार का रे?" तिचेही खरेच होते. शेवटी मधला मार्ग निघाला. माती उतरवायची, किडकी तुळई बदलायची, फळ्यांचे छत तसेच ठेवायचे आणि त्यावर अंतर सोडून लोखंडी अँगलवर पत्रे घालायचे. मधली गरम हवा निघून जायला दोन्ही टोके जाळी लावून मोकळी ठेवायची. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड न ठेवता ते हुकांनी अँगलला आवळायचे.

या वेळी सारे कागदावर घेतले. पत्र्याची जाडी, काम उक्ते की रोजावर, जुने सागवान कुणाचे, माती कोण उचलणार, काम अर्धवट असताना पाऊस आला तर ताडपत्री कुणाची. पैसे टप्प्याटप्प्याने आणि शेवटचा हप्ता पहिल्या पावसानंतर. शेजाऱ्यांची भिंत सामाईक, म्हणून त्यांनाही आधी विचारले. महानगरपालिकेतही चौकशी केली. मिस्त्री रागावतील असे वाटले होते. ते उलट म्हणाले, "बरं झालं मालक, आता भांडण न्हाई."

अक्षय्य तृतीयेनंतर काम सुरू झाले. सहा ट्रॉल्या माती निघाली. रस्त्यावरचा तो ढीग बघून आई बराच वेळ गप्प होती. वडिलांनी दरवर्षी मायेने पसरलेली माती होती ती.

मृगाचा पहिला पाऊस रात्री आला. पत्र्यावर ताशा वाजावा तसा आवाज. सकाळी आईला विचारले, झोप लागली का?

"आवाज फार आहे रे," ती म्हणाली, "पण लागली."

आपल्याही घरावर माळवद असेल, तर यंदा नवी माती टाकण्याआधी एकदा जुनी मोजून पाहा.