धाराशिव : उशिरा आलेली गाडी आणि दीडशे मीटरचा चढ

कारखान्यांचं शहर वाढतं तेव्हा आधी धुराडं उभं राहतं, मागोमाग चाळी येतात आणि मग नगरपालिकेची नळ, दिवे, गटारं यांसाठी धावपळ सुरू होते. शेजारचं सोलापूर गिरण्यांच्या जोरावर असंच वाढलं. धाराशिवचा क्रम उलटा. इथं उद्योगाला बोलवायचं तर आधी गाडी, वीज, पाणी आहे हे दाखवावं लागतं. आणि नेमक्या याच गोष्टी शहरात रखडत आल्या.

गाडीपासूनच बघा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली. अडीच फुटी रुळांची ही गाडी पुढे निजामाच्या मुलखात शिरली आणि येडशी, तडवळे, ढोकी करत 1911 साली लातूरला पोचली. जिल्ह्याचं ठाणं मात्र रुळांपासून दूर, बालाघाटाच्या माथ्यावर राहिलं. गाडी थांबते तिथं आडत वाढते. लातूरच्या बाजारपेठेला रुळांचा आधार मिळाला, उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, कचेऱ्या राहिल्या. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला गेला, तेव्हा कुठे शहराला स्टेशन मिळालं. 2007 मध्ये लातूरकडून आणि 2008 मध्ये कुर्डुवाडीकडून रूळ जोडले गेले. लातूरनंतर जवळजवळ शतकानं.

विजेची गोष्ट राज्याच्या विजेबरोबरच चालली. 1960 मध्ये वीज मंडळ स्थापन झालं, 2005 मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या, आणि त्याच सुमारास भारनियमनानं मराठवाड्याचं वेळापत्रकच ठरवून टाकलं. पिठाच्या गिरणीत सकाळी डबा ठेवायचा, त्यावर खडूनं नाव घालायचं आणि लाइट आल्यावर दळण न्यायचं. ज्या गावात दळणाची ही गत, तिथं लेथ किंवा जिनिंग चालवणाऱ्यानं मालाची तारीख कशाच्या भरवशावर द्यायची?

पाण्याचा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण तो भूगोलातच आहे. शहर पाणलोटाच्या कडेवर बसलंय. एका अंगाची भोगावती सीनेला, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात जाते. दुसऱ्या अंगाची तेरणा मांजरेतून गोदावरीला मिळते. पाऊस दोन्हीकडे वाटला जातो आणि माथ्यावर फारसा थांबत नाही. तेरणा, रुईभर यांसारख्या जवळच्या प्रकल्पांवर शहराची तहान भागत होती, तीही पाऊस झाला तर. 2012-13 च्या दुष्काळात त्यांनी तळ दाखवला आणि उजनी धरणाच्या पाण्यावाचून गत्यंतर नाही हे सगळ्यांना पटलं. तिथून पाइपलाइन आली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. ती धाराशिवच्याच रुळांवरून गेली. उजनीची पाइपलाइन नसती तर आपल्या स्टेशनातही अशीच गाडी रिकामी करावी लागली असती, असं म्हणणारे तेव्हा बरेच भेटत.

पण पाइपलाइन आली म्हणजे पाणी आलं असं होत नाही. भरलेल्या उजनीची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 497 मीटर, शहराची साधारण 650. म्हणजे प्रत्येक थेंब दीडशे मीटर वर चढवायचा. हजार लिटर पाणी एवढं वर उचलायला निव्वळ गणितानं 0.4 युनिट वीज लागते. शंभरएक किलोमीटरच्या पाइपातलं घर्षण आणि पंपाची तूट धरली तर त्याहून बरीच जास्त. एक कोटी लिटरला गणितानंच चार हजार युनिट, तेही रोज. नगरपालिकेची पाणीपट्टी थकली की वीजबिल थकतं, वीजबिल थकलं की पंप थांबण्याची टांगती तलवार. नळाला पाणी कितव्या दिवशी येणार, हे धरणातल्या साठ्याइतकंच या हिशेबावरही ठरतं. पाणी सुटल्यावर गल्लीत जो तो नळाला मोटर लावतो. उताराकडच्यांचे हौद भरतात आणि चढावरच्या घरात नळ नुसता फुसफुसतो.

आता तुळजापूरमार्गे सोलापूरला जोडणाऱ्या 84 किलोमीटरच्या रेल्वेचं काम चालू आहे, कृष्णेचं पाणी इकडे आणणाऱ्या कृष्णा-मराठवाडा योजनेची वाट पाहणं तर जुनंच. कौडगावच्या औद्योगिक क्षेत्रात महानिर्मिती या सरकारी वीजकंपनीचा 50 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिलाय. रूळ आणि पाणी दुसऱ्यांच्या वाटेनं येतात. ऊन मात्र या माथ्याचं स्वतःचं आहे. कारखानदारांना जागा दाखवण्याआधी शहराचे पंप या उन्हावर चालवायला हवेत. योजनांची उद्घाटनं पुष्कळ झाली. पाणी उपशाचं वीजबिल दरमहा वेळेवर भरलं जाणं, हा टप्पा धाराशिवनं एकदा गाठला पाहिजे. उद्योग त्यानंतर विचारपूस करत येतील.