पडदे नसलेला वॉर्ड

म्यॉन्गशिन विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या मनोविकार वॉर्डाच्या खिडक्यांना पडदे नाहीत. रुग्णाने स्वतःला इजा करून घेऊ नये, हे त्यामागचं कारण. त्यामुळे उजाडलं की ऊन थेट खाटांवर येतं आणि इथली सकाळ इतर वॉर्डांच्या आधी होते. मेडिसिन वॉर्डातून बदली होऊन आलेली परिचारिका जंग दा-उन अशा ठिकाणी रुजू होते.

‘डेली डोस ऑफ सनशाइन’ ही 12 भागांची कोरियन मालिका नोव्हेंबर 2023 मध्ये नेटफ्लिक्सवर आली. ती ज्या वेबटूनवर आधारली आहे, त्याची लेखिका ली रा-हा स्वतः परिचारिका होती. वॉर्डातली रोजची कामं इतकी खरी वाटतात ती त्यामुळेच. दा-उनची भूमिका पार्क बो-यंगने केली आहे.

आजार आतून कसा जाणवतो, ते दाखवण्यात या मालिकेची खरी ताकद आहे. दा-उनचा मित्र यू-चान मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून घरच्या चिकनच्या दुकानात राबतोय. त्याला पॅनिक अटॅक येतो तेव्हा भोवताली पाणी चढू लागतं. गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत, नाकापर्यंत. बाजूच्या माणसांना त्यातलं काहीच दिसत नाही. ‘एवढं घाबरायला काय झालं?’ असं विचारणाऱ्याला हे दृश्य जरूर दाखवावं.

प्रेमकथेचा धागा मात्र जरा जास्तच ताणलाय.

दा-उनच्या वॉर्डातला रुग्ण किम सो-वान हा तरुण सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी वर्षानुवर्षं अभ्यास करून थकलेला. आपण एका व्हिडिओ गेममध्ये आहोत, असं तो मानू लागतो. उपचारांनी भ्रम ओसरतो, पण समोर उभं राहतं ते तेच रिकामं आयुष्य. डिस्चार्जनंतर तो आत्महत्या करतो. ओईसीडी देशांत आत्महत्येचं प्रमाण दक्षिण कोरियात सर्वाधिक आहे. तिथल्या प्रेक्षकाला हा प्रसंग परका नव्हता.

त्याच्या मृत्यूने दा-उन कोसळते. आपल्याला नैराश्य आलंय हे तिला, मनोविकार वॉर्डातल्या परिचारिकेला, मान्य होत नाही. शेवटी आई तिला दुसऱ्या रुग्णालयात दाखल करते. काळजी घेणारीलाच खाटेवर आणण्याचं हे धाडस मालिकेला साध्या रुग्णालयकथेच्या फार पुढे नेतं. बरी होताना ती वहीत रोज स्वतःचं लहानसं कौतुक लिहिते.

कामावर परतल्यावर रुग्णांचे नातेवाईकच तिला विरोध करतात: मनोरुग्ण राहिलेली नर्स आमच्या माणसाला नको! तिच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या मुख्य परिचारिकेची धाकटी बहीण स्किझोफ्रेनियाची रुग्ण आहे आणि तिच्या राहण्याला शेजारीपाजारी हरकत घेतात. उपचार घेतलेल्या माणसाला कुणी दारात उभं करत नाही, ही चीड पटकथेत जागोजागी आहे.

दा-उन दाखल झाली ती आईच्या संमतीने. नातेवाइकांच्या संमतीवर माणसाला सक्तीने दाखल करण्याच्या जुन्या तरतुदीबद्दल कोरियाच्या घटना न्यायालयाने 2016 मध्ये काय निकाल दिला आणि त्यानंतर कायदा कसा बदलला, ते पुढच्या आठवड्यात.