मानेवरचा काळेपणा मळ नसतो: मोबाईल आणि मुलांचं वाढतं वजन

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या आसपास जातो. शाळेला सुट्टी, बाहेर ऊन, त्यामुळे मुलं दुपारभर घरात. हातात मोबाईल आणि शेजारी फरसाणाची वाटी. जूनमध्ये गणवेश घट्ट होतो तेव्हा आजी म्हणते, "बाळसं आहे, उंची वाढली की उतरेल." पुष्कळदा ते उतरत नाही.

वजन केवळ बसून राहिल्यामुळे वाढत नाही. पडद्याकडे बघत जेवणाऱ्या मुलाचं ताटाकडे लक्ष नसतं, पोट भरल्याचं कळत नाही आणि चार घास जास्त जातात. रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ पाहिले की झोप अपुरी होते आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. मला स्वतःला जेवतानाचा मोबाईल सर्वांत वाईट वाटतो. बहुतेक घरांत ही सवय आपणच लावलेली असते, बाळाने मुकाट्याने घास घ्यावा म्हणून!

सहा वर्षांपुढच्या मुलाची तपासणी घरच्या टेपनेही करता येते. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त नसावा. उंची १३० सेंटीमीटर असेल तर घेर ६५च्या आत हवा. मानेच्या मागे किंवा काखेत त्वचा काळी, जाडसर, मखमली दिसते का, हेही पाहा. आया ती मळ समजून घासत राहतात. प्रत्यक्षात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते, म्हणजे पुढच्या मधुमेहाची पूर्वसूचना.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन नको, पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी. पाच वर्षांपुढच्या मुलांनी रोज किमान ६० मिनिटं दम लागेल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या उन्हात हा तास सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर काढा. लंगडी, सायकल, डबा ऐसपैस, काहीही चालेल.

मुलाला उपाशी ठेवू नका. वाढत्या वयात वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली, तरी बरंच साधतं. थायरॉईडमुळे लठ्ठपणा क्वचितच येतो. मात्र वजन वाढतंय आणि उंची खुंटली आहे, असं असेल तर तपासणी हवीच. मूल झोपेत जोरात घोरत असेल किंवा मान काळवंडली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खूप तहान लागून वारंवार लघवी होत असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या.