मेणकागद, सुई आणि तांड्यावरची नक्षी

कार्यानुभवाच्या तासाला मुले-मुली धावदोरा घालायला शिकतात. विज्ञानाच्या तासाला प्रकाशाचे अपवर्तन आणि पदार्थांचे द्रवणांक शिकतात. या दोन तासांची सहसा गाठ पडत नाही. ती घालून देणारी एक साधी वस्तू म्हणजे मेणकागद. पूर्वी पाव ज्यात गुंडाळून मिळे, तोच हा कागद. आता तो गावात मिळेलच असे नाही, पण शाळेत सहज करता येतो.

साधा पातळ कागद घ्या. त्यावर मेणबत्तीचा बारीक कीस विरळ पसरा. खाली-वर जुन्या वहीचा एकेक कागद ठेवून शिक्षकांनी वरून कोमट इस्त्री फिरवावी. कीस वितळून कागदात मुरतो. गार झाल्यावर कागद छापील पानावर ठेवा. खालची अक्षरे दिसू लागतात.

असे का होते?

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे. तंतूंच्या मधल्या फटींत हवा असते. सेल्युलोजचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, तर हवेचा जवळजवळ १. त्यामुळे प्रकाशकिरण तंतूतून हवेत आणि हवेतून तंतूत जाताना वारंवार वळतात, परततात, विखुरतात. म्हणून कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो. मेणाचा अपवर्तनांक सुमारे १.४३ आहे. हवेची जागा मेणाने घेतली की हा फरक कमी होतो, प्रकाश कमी विखुरतो आणि बराचसा आरपार जातो. भज्यांच्या पुडीवरचा तेलकट डाग याच कारणाने उजळ दिसतो.

आता रिकाम्या रिफिलच्या टोकाने या कागदावर रेघ ओढा. शाई नसताना पांढरी रेघ उमटते. दाबाने मेणाचा थर तडकतो, फटींत हवा शिरते आणि तेथे प्रकाश पुन्हा विखुरतो.

तांड्यावरची नक्षी

या पांढऱ्या रेघेचा वाशीम जिल्ह्यात चांगला उपयोग आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. पण सगळाच वारसा संग्रहालयात मावत नाही. आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांनी सजलेल्या कांचळ्या आणि फेटिया घराघरांतल्या पेट्यांत असतात. त्यांवरची नक्षी आजीच्या बोटांत असते. तिचा कागद नसतो. कापड विरले आणि बोटे थांबली की नक्षीही जाते.

विद्यार्थ्यांनी घरच्यांच्या परवानगीने ती उतरवून घ्यावी. जुन्या कापडावर आधी पारदर्शक फाइलचा प्लॅस्टिक तुकडा ठेवा, त्यावर मेणकागद. प्लॅस्टिकमुळे रेघ ओढायला टणक आधार मिळतो आणि मेण कापडाला लागत नाही. आरशांवर जोर देऊ नका. मग कागद बाजूला नेऊन पांढऱ्या रेघांवर सुईने जवळजवळ भोके पाडा. नव्या कापडावर कागद ठेवून खडूच्या पुडीची पुरचुंडी हलकेच थोपटा. कागद उचलला की ठिपक्यांची नक्षी तयार. नक्षीचे गोरबोलीतले नाव, ती कोणी व केव्हा काढली, हे वहीत लिहायला विसरू नका.

दोरा आणि मशीन

गोधडी शिवताना दोरा पिंजतो, गुंततो. सुती दोऱ्याचे सुटे तंतू कापडाला घासतात. दोरा मेणावरून ओढला की तंतू चिकटून बसतात आणि घर्षण कमी होते. रेक्झिनचे दप्तर मशीनवर शिवताना रेक्झिन दाबपट्टीला चिकटते. मध्ये मेणकागदाची पट्टी ठेवा. सुईने पडलेल्या भोकांवरून ती नंतर टपाल तिकिटासारखी फाटून निघते.

सावधान, इस्त्री!

मेणबत्तीचे पॅराफिन साधारण ५० ते ६५ अंश सेल्सियसला वितळते. सुती कापडाची इस्त्री याहून कितीतरी गरम असते. त्यामुळे मेणकागद कापडावर ठेवून इस्त्री केली तर मेण कापडात उतरते. अमेरिकेत गोधडी शिवणारे जो ‘फ्रीझर पेपर’ इस्त्रीने कापडावर तात्पुरता चिकटवतात, त्याच्या एका बाजूला मेणाऐवजी प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. दोन्ही कागद एकच समजू नयेत.

नव्या कापडावर मेण पडलेच, तर कापडाच्या खाली-वर टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. वितळलेले मेण केशाकर्षणाने टीपकागदात शिरते. जुन्या भरतकामावर मात्र हा प्रयोग करू नये.

मेण वितळण्याच्या बरेच आधी मऊ होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत तर उष्णता आणखी जास्त. तेथे ठेवलेले मेणकागद एकमेकांना चिकटतात आणि त्यांवरच्या रेघा पुसट होतात. म्हणून उतरवलेली नक्षी आठवड्याच्या आत साध्या कागदावर पेन्सिलीने पक्की करा. मेणकागद हे नक्षी उतरवण्याचे साधन आहे. ती जपायची ती साध्या कागदावर आणि नव्या हातांत.