लेथवर आटे पाडण्यासाठी हत्याराची निवड

उमरगा तालुक्यातील मुरुम हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. ऊस, विहिरी आणि साखर कारखाना यांच्या आसऱ्याने वाढलेल्या अशा गावांत लेथवर येणारे आट्यांचे काम एका जातीचे नसते. पंपाचा दांडा, ट्रॅक्टरचा बोल्ट, पाण्याच्या नळाचा सांधा हे सारे एकाच यंत्रावर चढतात. कोणते हत्यार वापरावे, हा प्रश्न म्हणूनच येथे मोठ्या कारखान्यापेक्षा अधिक बिकट होतो.

पहिला विचार कोनाचा. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली सुचविलेल्या आट्याचा कोन 55 अंश, तर मेट्रिक आट्याचा 60 अंश. भारतात 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली, तरी पाण्याच्या नळांचे आटे आजही 55 अंशांचेच आहेत. पाऊण इंची व्हिटवर्थ बोल्टाचा पिच 2.54 मिलिमीटर, 20 मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टाचा 2.5. हा फरक नुसत्या डोळ्यांस दिसत नाही. चुकीच्या कोनाच्या हत्याराने पाडलेला आटा नटात शिरेलही, परंतु भार बाजूच्या संपूर्ण पृष्ठभागावर न पडता एखाद्या अरुंद पट्टीवर पडेल. म्हणून हत्यारास धार लावण्यापूर्वी जुना आटा पिच-गेजने तपासणे अत्यावश्यक ठरते.

दुसरा विचार धातूचा; आणि येथेच गैरसमज फार. कार्बाइड अधिक कठीण, म्हणून तेच श्रेष्ठ, असे सर्रास मानले जाते. पण कार्बाइडला वेग हवा. मृदू पोलादाच्या 30 मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर 1.5 मिलिमीटर पिचचा आटा मिनिटाला 90 मीटर वेगाने पाडायचा, तर दांडा मिनिटाला सुमारे 955 फेरे घेईल आणि हत्यार सेकंदाला जवळजवळ 24 मिलिमीटर पुढे सरकेल. आट्याच्या शेवटी 6 मिलिमीटर रुंदीची खाच सोडली असेल, तर हत्यार मागे घेण्यास कारागिरास पाव सेकंद मिळतो! हायस्पीड पोलादाचे हत्यार मिनिटाला 10 मीटर वेगाने चालवले, तर तीच खाच ओलांडण्यास सव्वादोन सेकंद लागतात. हाताने चालणाऱ्या लेथवर निर्णय या हिशेबानेच होतो. कमी वेगात कार्बाइड वापरावे म्हटले, तर धारेवर धातू चिकटतो आणि टोकाचा कण उडतो.

यास आणखी एक कारण जोडले जाते. जुन्या लेथचा लीडस्क्रू बहुधा इंची असतो. त्यावर 127 दात्यांचे चाक लावून मेट्रिक आटे पाडता येतात, परंतु मग हाफ-नट सोडता येत नाही. स्पिंडल उलटे फिरवून हत्यार परत आणावे लागते. त्या क्षणी ते खाचेतून पूर्ण बाहेर काढलेले नसेल, तर कार्बाइडचे टोक तुटते. हायस्पीड पोलाद असा धक्का पुष्कळ अंशी सोसते, आणि बोथट झाल्यास गावातल्याच सहाणेवर त्यास पुन्हा धार देता येते. दांडा कठीण केलेल्या पोलादाचा असेल तर मात्र कार्बाइडखेरीज गत्यंतर नाही. संगणकनियंत्रित लेथवर तर वेगाची अडचणच उरत नाही.

राहता राहिली धारेची घडण. वरचा उतार शून्य ठेवावा, नाहीतर हत्याराचा कोन आट्यात जसाच्या तसा उतरत नाही. बाजूचा मोकळेपणा मळसूत्राच्या चढावर अवलंबून असतो. वरील 30 मिलिमीटरच्या दांड्यावर हा चढ जेमतेम एक अंश, म्हणून दुर्लक्षिला तरी चालतो. परंतु 36 मिलिमीटर व्यासाच्या, 6 मिलिमीटर पिचच्या ट्रॅपेझॉइडल स्क्रूवर तो 3.3 अंश होतो. उजव्या आट्यासाठी तेवढी वाढ हत्याराच्या डाव्या बाजूच्या मोकळेपणात केली नाही, तर हत्यार कापण्याऐवजी घासू लागते, आणि अखेरच्या फेरीत दांडा वाया जातो.